निवट्यांच्या बिळांची मोजणी

जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ तारखेपर्यंत महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. या ६१ दिवसांत मुंबईच्या बाजारातील पापलेट आणि सुरमई एकतर बर्फातली असते, नाहीतर दूरच्या किनाऱ्यावरून आलेली असते, आणि तिचा भाव मध्यमवर्गीय गृहिणीच्या आटोक्याबाहेर गेलेला असतो. अशा दिवसांत अंधेरी-बोरिवलीच्या वा मुलुंड-घाटकोपरच्या मासळीबाजारात एखाद्या कोळणीच्या पाटीभोवती जाणत्या गिऱ्हाइकांचे कोंडाळे जमलेले दिसते. पाटीत काहीतरी सारखे वळवळत असते. मधूनच त्यातले एखादे टुणकन उडी मारून ओल्या फरशीवर पडते, चालू लागते, आणि नवखे गिऱ्हाईक दोन पावले मागे सरते. ही निवटी. ती जिवंतच विकली जाते, वजनावर न विकता वाट्यावर विकली जाते, आणि एका वाट्यात किती निवट्या याचा निर्णय कोळीण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून करते. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त वर्गात तीन तास शिकविण्यापेक्षा विद्यार्थ्यांना या पाटीसमोर अर्धा तास उभे करावे, असे प्रस्तुत लेखकाला पुष्कळदा वाटते.

निवटी हा मासा दिसायला देखणा नव्हे. सहसा वीतभरही नसलेले, गुळगुळीत, चिखलाच्या रंगाचे अंग, त्यावर निळसर ठिपके, आणि डोक्याच्या अगदी वरच्या टोकाला बेडकासारखे बाहेर आलेले दोन डोळे. प्राणिशास्त्रज्ञ ज्यांना गोबी म्हणतात त्या माशांच्या प्रचंड गोतावळ्यातला हा एक. आपल्याकडची खरबीही त्याच गोतातली. उष्ण कटिबंधातल्या उथळ किनाऱ्यांवर, खाड्यांत आणि प्रवाळांच्या कपारींत या गोताच्या दोन हजारांच्या आसपास जाती नांदतात, आणि त्यांतील बहुतेक इतक्या लहान की त्यांना बाजार नाही. निवटीला बाजार आहे, आणि इतिहासही. १८३७ साली फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढचा नमुना मुंबईचा होता. पॅरिसच्या संग्रहालयासाठी पौर्वात्य बंदरांतून प्राणी गोळा करणारा द्युसुमिए नावाचा एक व्यापारी-दर्यावर्दी होता. त्याच्या सन्मानार्थ मुंबईच्या या चिखलातल्या माशाला 'बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी' हे भारदस्त नाव मिळाले. मुंबईत रेल्वे येण्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे ज्यांना आपण आज उपनगरे म्हणतो ती साष्टीची खेडी, भातशेते आणि खाजणे होती, तेव्हापासून निवटीची नोंद विद्वानांच्या दप्तरी आहे. महसुलाच्या दप्तरी मात्र ती अद्याप नाही, आणि हा लेख त्याविषयीच आहे.

या माशाचा संसार ज्या जागेवर चालतो तिला जमीन म्हणावे की पाणी, हा प्रश्न कायद्यालाही पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी होते. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतील फरक पाच मीटरांच्या जवळ जातो. ठाण्याच्या खाडीत भांडुप-मुलुंडच्या बाजूला, मालाडच्या खाडीत, गोराई-मनोरीच्या खाडीत पाणी ओसरले की तिवरांच्या पुढे मऊ, चकचकीत चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. उपनगरी गाडीतून वा पुलावरून जाणाऱ्याला तो पट्टा मरणप्राय वाटतो. वासही तसाच येतो. पण ओहोटी लागताच या चिखलातील हजारो बिळांची तोंडे उघडतात आणि निवट्या चरायला बाहेर पडतात. चरायला हा शब्द येथे अलंकाराने वापरलेला नाही. ही जात चिखलाच्या पृष्ठभागावर उन्हात वाढणाऱ्या डायटम नामक सूक्ष्म वनस्पतींचा पातळ थर डोके डावी-उजवीकडे हलवीत खरवडून खाते, जशी म्हैस कुरणातले गवत खाते. कल्ल्यांच्या पोकळीत पाण्याचा घोट धरून ठेवायचा, ओलसर त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घ्यायचा, डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढून ओले करायचे, छातीच्या परांवर रेटत चालायचे, आणि भरतीचे पाणी परत आले की बिळात जाऊन बसायचे. पाण्याला भिऊन घरात बसणारा मासा, असेही म्हणता येईल.

निवटीच्या एका जपानी चुलतभावंडावर तिकडील संशोधकांनी जो अभ्यास केला आहे, तो वाचून मनुष्याने थक्क व्हावे. बिळाच्या तळाशी, चिखलात खोलवर, मादी एका कोठडीच्या छताला अंडी चिकटवते. तेथील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून नर ओहोटीच्या वेळी वर येऊन तोंडात हवा भरून घेतो आणि ती खाली नेऊन कोठडीत सोडतो. अशा खेपा तो दिवसेंदिवस करतो. अंडी पक्व झाली की रात्रीच्या भरतीच्या वेळी तोच नर कोठडीतली हवा तोंडाने बाहेर काढतो, पाणी आत शिरते, आणि पाण्याच्या स्पर्शाने पिल्ले फुटून बाहेर पडतात. आपल्या मुंबईकर निवटीच्या बिळात हेच तंतोतंत घडते असे विधान करण्याचे धाडस अर्थशास्त्राच्या माणसाने करू नये. परंतु बीळ म्हणजे नुसते भोक नव्हे, ते एक बांधकाम असते, त्यात श्रम गुंतलेले असतात आणि त्यावर पुढच्या पिढीचे अस्तित्व अवलंबून असते, इतके या उदाहरणावरून कळते. डंपरने ओतलेला डेब्रिजचा एक ढीग त्यांतील किती बिळे बुजवतो, हे कोणी मोजलेले नाही.

आता हा मासा पकडतो कोण? त्यासाठी नौका लागत नाही, इंजिन लागत नाही, बँकेचे कर्जही लागत नाही. ओहोटीचे वेळापत्रक डोक्यात हवे, गुडघाभर चिखलात तोल सांभाळता आला पाहिजे, आणि कोणत्या बिळात निवटी आहे व कोणत्यात चिंबोरी आहे हे तोंडावरून ओळखता आले पाहिजे. कारण हात चुकीच्या बिळात गेला तर बोट सोलवटून निघते. हे काम कोळी करतात, आगरी करतात, गोराई-मनोरीकडचे ईस्ट इंडियन करतात, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण असे की ज्यांची नौका कधीच विकली गेली किंवा कधी नव्हतीच. खोल समुद्रातील मासेमारी भांडवलप्रधान झाली, तसतशी खाडीतली हातमासेमारी ही भांडवल नसलेल्यांची शेवटची जागा होऊन बसली. शेतीत जे स्थान भूमिहीन मजुराचे, ते मासेमारीत या लोकांचे आहे. फरक इतकाच की भूमिहीन मजुराची शिरगणती होते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचा एक नियम असा की बाजारात न विकता घरी खाल्लेले धान्य वा मासळीसुद्धा उत्पादनात धरावयाची. नियम उत्तम आहे. परंतु समुद्रातल्या मासळीचा आकडा आपल्याकडे मुख्यतः मासळी उतरविण्याच्या केंद्रांवरील नमुना पाहणीवरून बांधला जातो. जी निवटी कोणत्याही धक्क्यावर कधी उतरलीच नाही, जी चिखलातून पाटीत आणि पाटीतून थेट कालवणात गेली, ती या पाहणीत यावी कशी? आकड्यात आली नाही, म्हणून तिचे मूल्य शून्य. मूल्य शून्य, म्हणून ती जेथे राहते ती जागा पडीक. आणि जागा पडीक, म्हणून तेथे कचरा, मलजल, डेब्रिज, रस्ता, वसाहत यांतले काहीही आले तरी देशाच्या उत्पन्नात भरच पडली असे कागदावर दिसते. मुलुंडची कचराभूमी १९६८ साली खाडीलगतच्या अशाच जागेवर सुरू झाली आणि अर्धे शतक चालून २०१८ साली बंद झाली. देवनारची तर १९२७ पासूनची आहे. कांजूरमार्गची तिसरी. तिन्ही ठाण्याच्या खाडीच्या कडेला आहेत, हा योगायोग मानण्याइतके आपण भाबडे नाही.

केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक साधी गोष्ट सांगितली होती. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे होत असतील, तर ते धुण्याचा खर्च हाही कारखान्याच्या मालाचा खर्चच होय. तो मालकाच्या वहीत दिसत नाही एवढेच. आपल्या उपनगरांचा धूर पाण्यातून जातो. मुंबईच्या मलजलाची जी जुनी व्यवस्था, तिच्यात वरळी आणि वांद्रे येथील केंद्रांना खोल समुद्रात दूरवर नेऊन सोडणाऱ्या वाहिन्या मिळाल्या. वर्सोवा व मालाड येथील मलजल मालाडच्या खाडीत, आणि भांडुप व घाटकोपरचे ठाण्याच्या खाडीत जात राहिले. ओशिवरा आणि पोयसर या एकेकाळच्या नद्या वाटेतला सगळा मैला घेऊन मालाडच्याच खाडीला मिळतात. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर साठोत्तरी काळात ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा उभा राहिला, त्याचा भार निराळा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतील सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर ही चारही त्यांत आहेत. काम मोठे आहे व ते व्हावे यासाठी न्यायालये आणि लवाद यांचा रेटा लागला, हेही नमूद केले पाहिजे. पण दरम्यानच्या पिढीत जो खर्च आपण वाचविला, तो गेला कोठे? तो चिखलात गेला. आणि निवटी चिखलाची सायच खाते. आपल्या सदनिकेच्या मोरीतून जे वाहून गेले त्याचा काही अंश पावसाळ्यात वाट्यावर विकत घेऊन आपण परत घरी आणतो. ज्यांना दुसरी मासळी परवडत नाही ते तर नेमाने आणतात. पिगूच्या शेजाऱ्याला निदान आपले कपडे काळे झालेले दिसत होते.

यावर कोणी म्हणेल, तिवरांना आता संरक्षण आहे ना? आहे, आणि ते मोठ्या झगड्यातून मिळालेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील तिवरांच्या तोडीस व त्यांवरील भरावास अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि बुजविलेल्या खाड्यांचा अर्थ शहराला नाकातोंडात पाणी जाऊन समजला होता. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती मनाई पक्की केली. २०१२ साली राज्याच्या वनविभागात तिवरांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. २०१५ साली ठाण्याच्या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत गेली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु या सगळ्या व्यवस्थेचे दोन नायक आहेत: झाड आणि पक्षी. झाड उपग्रहाच्या छायाचित्रात हिरवे दिसते, ते मोजता येते. फ्लेमिंगो गुलाबी दिसतो, त्याची सहल काढता येते. चिखल करड्या रंगाचा असतो, आणि निवटी त्याच्याच रंगाची.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. शहरातून वाहून आलेल्या गाळाने ठाण्याच्या खाडीचा काठ उथळ होत गेला आणि तिवरे पुढे सरकून पूर्वीच्या उघड्या चिखलपट्ट्यांवर उगवू लागली. वनक्षेत्राच्या अहवालात ही वाढ म्हणून दिसते व तिचे कौतुकही होते. निवटीच्या ज्या जातीचा आपण विचार करतो आहोत, तिला मात्र उघडा, उन्हात तापणारा चिखल लागतो. झाडांच्या दाट सावलीत डायटमचे कुरण पिकत नाही. म्हणजे झाडांच्या जमाखर्चात जी जमेची बाजू, ती काही ठिकाणी निवटीच्या जमाखर्चात खर्चाची असते. तिवरे नकोत असा याचा अर्थ कोणी काढू नये. निवटीची पिल्ले आणि तिचे कितीतरी सोबती तिवरांच्याच आसऱ्याने जगतात. सांगायचे ते एवढेच की एक किनारा म्हणजे एक आकडा नव्हे.

आणि आपण तर तो आकडासुद्धा इकडचा तिकडे नेतो. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसाठी सुरुवातीस ५३ हजारांवर तिवरांच्या तोडीचा प्रस्ताव होता. तो खाली आणून सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. वर्सोवा ते भाईंदर या सागरी मार्गाच्या प्रस्तावात ४५ हजारांहून अधिक तिवरे बाधित होतात. त्याच्या भरपाईच्या वनीकरणासाठी सुचविल्या गेलेल्या जमिनीत चंद्रपूर जिल्ह्यातली जमीनही आहे. चंद्रपूरला झाडे अवश्य लावावीत. तेथील उन्हाळा ज्याने सोसला आहे तो त्याला विरोध करणार नाही. पण वर्सोव्याच्या चिखलातली निवटी चंद्रपूरला जाणार कशी, आणि ती पकडणारी कोळीण जाणार कशी? पैशाला पैसा हा पर्याय असतो, कारण पैसा एकजिनसी असतो. भरती-ओहोटीला पर्याय नसतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पर्यायी वस्तूंचा धडा असतो, तो येथे कोणीतरी पुन्हा वाचायला हवा.

जपानने या बाबतीत जे भोगले ते आपल्या उपयोगी पडावे. क्यूशू बेटावरील आरिआके समुद्राच्या चिखलात निवटीची सख्खी बहीण शोभेल अशी जात राहते. तिला ते मुत्सुगोरो म्हणतात आणि आपल्यासारखेच आवडीने खातात. या समुद्राच्या इसाहाया उपसागरात शेतजमीन मिळविण्यासाठी व पुरापासून बचावासाठी बांध घालण्याची योजना सरकारने आखली. १९९६ साली तिच्याविरुद्ध जो दावा दाखल झाला त्यात वादी म्हणून चक्क मुत्सुगोरोचे नाव घातले होते. दावा टिकला नाही, ते अपेक्षितच होते. १४ एप्रिल १९९७ रोजी २९३ पोलादी पाट एकापाठोपाठ एक पाण्यात कोसळविण्यात आले आणि सुमारे ३,५५० हेक्टर भरतीक्षेत्र समुद्रापासून तुटले. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून लोकांनी त्याला गिलोटिनची उपमा दिली. त्यानंतर तीन-चार वर्षांत, २०००-०१ च्या हिवाळ्यात, बांधाबाहेरच्या समुद्रातले नोरी या खाद्य शेवाळाचे पीक फसले आणि कोळ्यांनी नौका घेऊन निदर्शने केली. पुढे २०१० साली एका न्यायालयाने बांधाचे दरवाजे उघडण्याचा आदेश दिला. २०१३ साली दुसऱ्या न्यायालयाने, नव्या जमिनीवरच्या शेतकऱ्यांच्या अर्जावरून, ते उघडण्यास मनाई केली. आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दरवाजे बंदच राहिले. पाव शतक कोळी आणि शेतकरी न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले. दोघेही आपापल्या जागी खरे होते. बांध घालण्यापूर्वी चिखलाचे मोल शून्य धरले नसते तर कदाचित दोघांवरही ही वेळ आली नसती. चिखल निर्जीव नव्हता हे सिद्ध व्हायला त्याच्याबाहेरचे पीक बुडावे लागले.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत जपानपेक्षा एक पाऊल पुढे आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना पाहा किंवा १८ जानेवारी २०१९ ची पाहा; दोन्हींत अत्यंत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात तिवरे आणि प्रवाळ यांच्याबरोबरच चिखलपट्ट्यांचा उल्लेख आहे. मात्र त्यामागे एक विशेषण जोडलेले आहे: 'जैविकदृष्ट्या सक्रिय'. सारी मेख या विशेषणात आहे. चिखल सक्रिय आहे हे ठरवायचे कोणी, केव्हा आणि कशावरून? नकाशे करणारा अधिकारी उपग्रहाच्या छायाचित्रावरून तिवराची हिरवी कड आखू शकतो. चिखल जिवंत आहे की मेला हे त्याला आकाशातून कसे कळावे? संशय असला की आपल्या प्रशासनाची सवय अशी की पट्टा निष्क्रिय धरावा, म्हणजे फाईल पुढे सरकते. आणि निष्क्रिय चिखल म्हणजे पुन्हा पडीक जमीन.

वस्तुतः चिखलाच्या सक्रियतेचा निवटीहून स्वस्त पुरावा दुसरा नाही. तिचे बीळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती खरवडून गेल्याच्या खुणा दिसतात. ती आहे याचा अर्थ खाली डायटम आहेत, वर तिला खाणारे बगळे आहेत, आणि चिखलात हवा खेळती आहे. प्रत्येक पट्ट्यावर एक मीटर लांबीरुंदीची चौकट टाकून तिच्यातील बिळे मोजावीत, अशा शंभर चौकटी टाकाव्यात, वर्षातून दोनदा टाकाव्यात. यासाठी कोट्यवधींचे अनुदान नको. मत्स्यविज्ञानातील आपली केंद्रीय संस्था १९६१ पासून मुंबईत आहे आणि आज ती वर्सोव्याला, मालाडच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. उपनगरांतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे आणि भूगोलाचे शेकडो विद्यार्थी आहेत, ज्यांना प्रकल्पाच्या नावाखाली जुन्या वह्या उतरवून काढाव्या लागतात. जिल्हाधिकाऱ्यांनी मनात आणले तर एका वर्षात गोराईपासून मुलुंडपर्यंतच्या चिखलपट्ट्यांचा बीळ-नकाशा तयार होईल. तो किनारा आराखड्याला जोडला की 'सक्रिय' या विशेषणाला पहिल्यांदा अर्थ येईल.

त्याच वेळी दुसरी एक मोजणी करता येईल, आणि ती माणसांची. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणी वाशीच्या मच्छीमार संस्थेने जी याचिका केली होती, तिच्या निकालात ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने परंपरेने मासेमारी करणाऱ्यांचा नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला आणि राज्याने त्यासाठी धोरण आखावे असे सांगितले. तत्त्व म्हणून हे मोलाचे आहे. पण हक्क मान्य झाला की पुरावा मागितला जातो, आणि पुरावा म्हटला की कागद आला. नौका असलेल्याजवळ नोंदणी असते, परवाना असतो, डिझेलची बिले असतात. ओहोटीला हातात पाटी घेऊन चिखलात उतरणाऱ्या बाईजवळ काय असते? उद्या भांडुपचा वा चारकोपचा पट्टा एखाद्या प्रकल्पात गेला, तर आपण तेथे वीस वर्षे निवट्या पकडत होतो हे ती कशाच्या आधारे सांगणार? एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीला २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामाईक साधने लोक स्वतः कशी शहाणपणाने सांभाळतात हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखविल्याबद्दल. तिच्या विवेचनातली पहिली अट अशी की साधनाची हद्द आणि त्यावर हक्क असलेली माणसे स्पष्ट असली पाहिजेत. आपल्याकडे दोन्ही धूसर ठेवण्यात पुष्कळांचे हित आहे.

शहराला घरे हवीत, रस्तेही हवेत, हे नाकारण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. दोन तास लोकलला लोंबकळत येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविणारा माणूस ते नाकारू शकत नाही. चारकोप-गोराईच्या वसाहती ऐंशीच्या दशकात खाडीलगतच्या सखल जमिनीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हजारो सामान्य कुटुंबांना छप्पर दिले. २०२४ साली कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासाशी निगडित घरांसाठी राज्याकडे देण्यास केंद्राने मान्यता दिली. ही मिठागरे रेल्वे आणि महामार्ग यांच्या आसपासची आहेत, भरतीचे पाणी त्यांच्यापर्यंत आता येत नाही, असे शासनाचे म्हणणे. पावसाचे पाणी ती धरून ठेवतात, असे विरोधकांचे म्हणणे. या वादात निवटीला ओढण्याचे कारण नाही. परंतु मिठागराच्या पलीकडे तिवरे आहेत, तिवरांच्या पलीकडे चिखल आहे, आणि अलीकडे वस्ती झाली की तिचे सांडपाणी व तिचा उतारा पलीकडेच जाणार. तेव्हा वस्तीच्या खर्चाच्या अंदाजात तो पलीकडचा चिखल धरला आहे काय, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे. निविदेच्या कागदात त्यासाठी एक ओळ पुरेल. आज ती ओळ नाही.

ही मोजणी करायची तर ती पाऊस लागण्याआधी, मार्च ते मे या महिन्यांतील उधाणाच्या ओहोट्यांना करावी लागेल, कारण तेव्हा पट्टा सर्वांत दूरवर उघडा पडतो. विद्यार्थ्यांना एकट्याने चिखलात सोडणे धोक्याचे आहे. कोठे पाय टेकतो आणि कोठे कमरेपर्यंत रुततो, हे फक्त तेथे रोज उतरणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून प्रत्येक चमूबरोबर निवट्या पकडणारी दोन माणसे हवीत. आणि त्यांना दिवसाची पूर्ण मजुरी द्यायला हवी, कारण मोजणीची ती ओहोटी त्यांच्या धंद्याचीही ओहोटी असते.